बोटाखालचं गाव

"बोट दे इकडं," हौसाक्का म्हणाली, आणि मी देईपर्यंत काही थांबली नाही. माझा हात तिने आपल्या खरखरीत मुठीत घेतला, पहिलं बोट तेवढं बाहेर काढलं आणि भिंतीवरच्या नकाशावर टेकवलं. "ही नदी. आता हिच्या कडंकडंनं वर चल. घाई करू नगंस, चढ हाय."

मी चढले. देवळाच्या गार फरशीवर अनवाणी उभी होते आणि बोटाने डोंगर चढत होते. बोटाखाली जुन्या रोगणाचा गुळगुळीतपणा, मध्येच एखादी चीर, चिरेत कापडाचा धागा.

"ही खिंड. हितं दम खायचा."

आम्ही दोघींनी दम खाल्ला. मला खरंच बरं वाटलं, का ते सांगता येणार नाही.

"आता उतार. डाव्या अंगाला उंबराचं झाड, त्येला पाय लावू नगंस. उतार संपला की लागलंच."

आणि बोट एका खळग्यात पडलं. तिथे नकाशाच नव्हता. रोगण गेलेलं, त्याखालची छपाई गेलेली, कागद गेलेला, मागच्या कापडाचेही धागे तेवढे उरलेले. भोवती हळदीचा पिवळा डाग, तांब्याच्या तोंडाएवढा.

"आलं," हौसाक्का म्हणाली. "हे उंबरघळ. हितं मी नांदाय आले."

एवढ्या वेळात तिची नजर नकाशाकडे एकदाही गेली नव्हती. काचबिंदूने तिचे डोळे जवळजवळ गेले होते. दार कुठल्या बाजूला आहे ते उजेडावरून कळे, एवढंच. तरी अख्खी वाट तिच्या हाताला पाठ होती.

कराडच्या औषधवाल्याची बायको त्या देवळात कशी पोचली, ते सांगायला हवं. आमचे हे, भालचंद्र टिपणीस, औषधांचं दुकान चालवत. म्हणजे दुकान आपलं आपण चालत होतं, ह्यांचं सगळं लक्ष नकाशांत. साधे नकाशे नव्हेत हो. इंग्रजांच्या अमदानीत शाळा-कचेऱ्यांच्या भिंतींवर टांगायला जे मोठे नकाशे छापत, मागे कापड, वर-खाली लाकडी दांडे, ते. रद्दीवाले, लिलाव, बंद पडलेल्या शाळा, कुठून कुठून उचलून आणायचे. आमच्या घराला भिंती होत्या हे मी आठवणीवर सांगत असे. बैठकीत ब्रह्मदेश, स्वयंपाकघराच्या दाराशी मुंबई इलाखा, आणि पलंगाच्या डोक्याशी सबंध हिंदुस्थान, असा की सिंहलद्वीप माझ्या उशीला टेकलेलं. पाहुणे आले की विचारायचे, "काकू, कपाट कुठे ठेवता?" मी म्हणायची, "अरबी समुद्रात."

आणि रविवारी दुपारी जेवणं झाली की हे फिरायला निघायचे. घराबाहेर नाही, नकाशात. एक बोट पुढे धरायचं, कागदाला लागू द्यायचं नाही कारण घामाने रोगण खराब होतं, आणि मला हाक मारायची.

"इंदू, येतेस?"

"कुठे निघालात?"

"रंगूनला. आगबोटीने."

"मग चहा करून आणते."

"आण. बोटीवर चहा बरा मिळत नाही."

मी कुरकुर करत असे की ह्या माणसाने मला बोटानेच जग दाखवलं, पायाने महाबळेश्वरसुद्धा नाही. पण खरं सांगते, त्या दुपारी मला आवडायच्या. पंखा फिरत असायचा, हे हळू आवाजात बंदरांची नावं सांगत असायचे, आणि डोळा लागता लागता मला पाण्याचा वाससुद्धा येई.

ह्या सगळ्यात ह्यांचा जीव की प्राण म्हणजे आमच्या जिल्ह्याचा नकाशा. दुकानामागेच आमचं घर, आत शिरलं की समोरच्या भिंतीवर तो. डोंगर बारीक बारीक रेघांनी काढलेले, केसाळ सुरवंट जसे. ओढा, पाऊलवाट, देऊळ, पाणवठा, काहीही सोडलेलं नाही. कुठे डाग नाही, चीर नाही. ह्यांची समजूत होती की ह्याची दुसरी प्रत जगात उरलेली नाही. मी जवळून बघायला गेले तर म्हणत, "श्वास जरा बाजूला सोड."

एक दिवस उत्तम शेलार नावाचा चाळिशीचा माणूस दुकानात आला, आईच्या डोळ्यांत घालायचे थेंब घ्यायला. ऊन फार होतं म्हणून ह्यांनी त्याला पाणी प्यायला आत बोलावलं. तो तांब्या हातात धरून तसाच उभा राहिला.

"साहेब," तो म्हणाला, "ह्यो नकाशा आमच्या देवळात हाय."

ह्यांच्या हातातली थेंबांची बाटली आडवी झाली. मी समजले की आता आपला रविवार गेला. आणि गेलाच. नणंदेकडे जेवायला जायचं म्हणून मला चांगली साडी नेसायला लावली, आणि एसटीत बसवलं ती भलतीकडेच जाणारी.

नवं उंबरघळ म्हणजे उसाच्या रानात आखलेल्या सरळ गल्ल्या. जुनं उंबरघळ डोंगरात होतं, ते धरणाच्या पाण्याखाली गेलं आणि माणसं इथे सपाटीला आणून वसवली. येताना सगळं आणलं, म्हणजे भांडी, गुरं, दारांच्या चौकटीसुद्धा. आणता आली नाही ती देवी. जमिनीतून वर आलेला खडक होता तो, त्यालाच शेंदूर. खडक कसा उचलणार. इथे नवं देऊळ बांधलं, नवी मूर्ती बसवली, पण लोकांच्या मनात एकच, देवी तिकडेच आहे. गाव सोडायच्या दिवशी मास्तरांनी शाळेच्या भिंतीवरचा नकाशा काढून गुंडाळून आणला होता. तो देवळात टांगला गेला. आणि मग कोणी सुरू केलं कोण जाणे, लग्न लागलं की नवरा-नवरीने आधी नकाशावरच्या गावाला हळदीचं बोट लावायचं आणि मग नव्या मूर्तीच्या पाया पडायचं. घरातली सगळ्यांत जाणती बाई नवरीचं बोट धरून नदीपासून गावापर्यंत नेणार. त्याला ते 'बोट लावणं'च म्हणत. इतकी लग्नं झाली, इतकी बोटं लागली, की बोटांनीच गाव झिजवलं.

उत्तमने गाऱ्हाणं मांडलं ते हेच. "साहेब, तुम्ही जाणकार हाय. आमच्या सुवर्णीचं लगीन ठरलंय. तेच्या आधी तेवढं गाव नवं करून द्या."

सुवर्णा म्हणजे त्याची भाची. चहाचे कप घेऊन आली होती आणि स्वतःचं लग्न निघाल्यावर मुली पळतात तशी न पळता, खांबाला टेकून ऐकत उभी राहिली. शांत डोळ्यांची मुलगी होती.

"मी शाईने हुबेहूब काढून देतो," हे म्हणाले.

"हातानं काढल्यालं नगं, साहेब. आमची पोरं इचारत्यात, गाव खरंच हुतं का? त्यास्नी छापल्यालं दाखवायचंय."

ह्यांनी नकाशाच्या कडेवरून हळूच नख फिरवलं. "हे एकसंध नसतं बघा. छापलेला कागद कापून त्याचे चौकोन करतात आणि कापडावर ओळीने चिकटवतात. मध्ये धाग्याएवढी फट सोडतात. मग गुंडाळला तरी मोडत नाही. त्यामुळे एखादा चौकोन..." आणि एकदम गप्प झाले.

पण उत्तम काही दूधखुळा नव्हता. "म्हंजी एक चौकोन काढून दुसरा बसवता येतो?"

"येतो."

"आन तुमच्याकडं ह्योच नकाशा हाय."

ह्यांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने पुसत बसले. चष्म्यावर काहीही नव्हतं.

परतायची गाडी यायची होती तोवर हौसाक्का, उत्तमची आई, मला घेऊन ओट्यावर बसली. तिने जे सांगितलं ते रडत-बिडत नाही, शेंगा फोडता फोडता सांगितलं. सुवर्णाची आई ही तिची थोरली लेक. गाव उठत होतं त्या धांदलीत तिचं लग्न पत्र्याच्या शेडमध्ये लावलं. तेव्हा देवीपुढे नेता आलं नाही, आणि बोट लावायची रीत अजून पडायची होती. "तशीच पाठवली," हौसाक्का म्हणाली. "पयल्या बाळंतपणात गेली. ही तेवढी राहिली, हिला म्या वाढवली. हिला तशी पाठवायची न्हाई. माझ्या हातानं गावाला नेणार आन मग सासरी धाडणार. तेवढं झालं की माझं काय का हुईना."

मी तिच्या हातातल्या शेंगा घेतल्या आणि फोडायला लागले, कारण दुसरं काय करावं ते सुचेना.

त्यानंतर कितीतरी रविवार हे फिरायला निघाले नाहीत. जिल्ह्याच्या नकाशासमोर खुर्ची टाकून नुसते बसायचे. मी काही बोलले नाही. बोलले असते तर काय, 'तुमच्या लेकराचं एक बोट कापून द्या' असंच म्हटल्यासारखं झालं असतं. शेवटी एका सकाळी स्वयंपाकघरात आले आणि माठातलं पाणी पिऊन म्हणाले, "इंदू, खळ करून देशील?"

"कशाला?"

"चिकटवायला लागेल."

मी मैद्याची खळ शिजवली. ह्यांनी दुकानातून चिमूटभर मोरचूद आणून त्यात घातलं, म्हणजे कसर लागत नाही. उत्तम देवळातला नकाशा मांडीवर घेऊन जीपने आला. दोन्ही नकाशे शेजारी शेजारी सतरंजीवर पसरले, एक स्वच्छ, एक बोटाळलेला. किटलीतल्या वाफेने चौकोन भिजवायचा, कडा सुटली की खालून काहीतरी पातळ सरकवत न्यायचं. ह्यांच्या पेटीतली पाती जाड पडली. मग माझं थालीपिठाचं उलथनं आणलं. हे वाफ धरत होते, मी उलथनं सरकवत होते, आणि उत्तम हात जोडून बसला होता, जणू आत कुणाचं बाळंतपण चाललंय. आमचा चौकोन सुटून वर आला तेव्हा ह्यांनी डोळे मिटून घेतले. मग उघडले, आणि तो त्यांच्या नकाशात असा बसवला की रेघेला रेघ मिळाली.

"वाचा," उत्तमला म्हणाले.

त्याने इंग्रजी अक्षरं लावून लावून वाचली. उंबरघळ. शेजारी देवळाची बारीकशी खूण. तो बराच वेळ खूण बघत राहिला आणि मग ह्यांच्या पाया पडला.

आमच्या नकाशाला मात्र खिडकी पडली. देवळातल्या नकाशातून काढलेला झिजलेला चौकोन ह्यांनी टीपकागदात घालून ठेवला होता. लग्नाच्या दिवशी सकाळी मी तयार होऊन बघते तो हे खळीची वाटी घेऊन भिंतीपाशी.

"आता ह्या वेळी?"

"खिडकी उघडी टाकून लग्नाला जाववत नाही गं," हे म्हणाले आणि तो हळदीचा, भोकाचा चौकोन आमच्या नकाशात चिकटवला. वैशाखाचं ऊन, भरभर वाळून कागद आकसू नये म्हणून ओल्या फडक्याची घडी नकाशाच्या पाठीमागे, कापडाला टेकून दडपली. दार लावलं आणि आम्ही निघालो.

लग्न छान लागलं. सुवर्णा हिरव्या साडीत गोड दिसत होती. नवरा मुलगा साताऱ्याकडचा, एसटीत मेकॅनिक, सारखा फेटा सावरत होता. अक्षता पडल्या आणि वाजंत्री देवळाकडे वळली. आम्हाला मानाने पुढे उभं केलं होतं. नकाशावर नवा चौकोन झळकत होता, शाळेतली मुलं टाचा उंचावून नाव वाचत होती, आणि आमचे हे, सासरी दिलेल्या लेकीकडे बघावं तसे त्याच्याकडे बघत होते.

हौसाक्काने सुवर्णाचं बोट हळदीत बुडवलं आणि नदीवर टेकवलं. वाजंत्री थांबली. मला नेलं होतं तसंच ती तिला नेऊ लागली, हळू आवाजात. नदीच्या कडेने. चढ. खिंडीत दोघी थांबल्या. मग उंबर डावीकडे ठेवून उतार.

उतार संपला आणि बोट पुढे गेलं. थोडं मागे आलं. पुन्हा पुढे. नव्या स्वच्छ कागदावर पिवळी रेघ इकडेतिकडे फिरू लागली.

"गाव कुठाय?" हौसाक्का म्हणाली.

"आये, हितंच हाय," उत्तम पुढे झाला. "तुझ्या बोटाखालीच हाय. आता नवं केलंय न्हवं का, नाव वाचता येतंय."

"वाचून काय करू मी?" तिने दोन्ही हात कागदावर पसरले आणि आंधळ्यासारखं चाचपलं. तिला तोवर कधी आंधळ्यासारखं वागताना मी पाहिलं नव्हतं. "समदं सपाट झालंय. हितं काय न्हाई. गाव कुठं नेलंत, उत्तम?"

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गाव म्हणजे ते भोकच होतं. आम्ही सगळे डोळस शहाणे तिचं गाव बुजवून आलो होतो. सुवर्णाचं हळदीचं बोट तसंच हवेत होतं. नवऱ्याकडचा कुणी काका म्हणाला, "आता लावा की कुठंबी, उशीर हुतोय." हौसाक्काने मान हलवली. "हिच्या आईला तशीच धाडली हुती," ती म्हणाली आणि खाली बसली. म्हातारी उठेल असं मला वाटेना.

मी आजवर चारचौघांत तोंड उघडलेली बाई नव्हे, घरात काय बोलेन ते वेगळं. पण मी तिच्यापाशी वाकले आणि म्हणाले, "आक्का, गाव माझ्या घरी आहे."

"कुठं?"

"कराडात. माझ्या घरात, समोरच्या भिंतीवर. आजच सकाळी आलंय. पोरीला घेऊन चला."

नवऱ्याकडचे कुरकुरले, वाट वाकडी होईल म्हणाले. तेव्हा तो फेटेवाला मुलगा पहिल्यांदा बोलला. "गाडी कराडावरनंच जाती, काका," म्हणाला, आणि बायकोला हात देऊन टेम्पोत चढवलं. त्या क्षणी तो मला जावई म्हणून पसंत पडला, जरी माझी मुलगी नव्हती.

ती दुपार मला अजून जशीच्या तशी दिसते. टेम्पोत दाटीवाटीने वऱ्हाड, वाजंत्रीवाले सनई मांडीवर घेऊन पेंगलेले, दोन्ही बाजूंनी ऊस सळसळतोय आणि मध्ये हौसाक्का नातीचं पिवळं बोट मुठीत धरून बसलेली, कुठे हळद पुसली जाऊ नये म्हणून. तिचे ओठ हलत होते. ती वाट म्हणत होती, नदी, चढ, खिंड, उतार. ऐकता ऐकता माझीही मान लवली आणि मला वाटलं आपण खरंच डोंगराच्या वाटेने चाललोय, खाली कुठेतरी दिवे लागलेत, चुलींचा धूर येतोय, आणि कुणीतरी आपल्या नावाने हाक मारतंय. टेम्पो थांबला तेव्हा दुकानाची पाटी बघून मला जरा वेळ कळेचना की आपण कुठे आलो.

अख्खं वऱ्हाड आमच्या घरात शिरलं. ज्या माणसाने मला श्वास बाजूला सोडायला लावला त्याच्या नकाशाला घामेजलेल्या माणसांनी वेढा घातला, आणि हे कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

हौसाक्काने नकाशाची खालची दांडी चाचपली आणि नदी शोधली. सुवर्णाचं बोट टेकवलं. चढल्या. खिंडीत थांबल्या. मला वाटतं, खोलीतल्या सगळ्यांनीच तिथे दम खाल्ला. मग उतार. आणि बोट खळग्यात पडलं.

"आलं," हौसाक्का म्हणाली.

सुवर्णाने डोळे मिटले. हौसाक्काने आपलंही बोट तिच्या बोटाशेजारी आत घातलं.

"ओलं लागतंय गं."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. फडकं.

"पाण्यात हाय," ती म्हणाली, इतक्या हळू की मागच्यांना ऐकू गेलं नसेल. "पाण्यात हाय, पर हाय. जित्तं हाय. बघ सुवर्णे, हात लाव, आईला तुझ्या सांग, आलू म्हणावं." आणि मग मात्र ती रडली. पहिल्यांदाच, मोकळी होऊन रडली.

हे पुढे आले. ह्यांना खोटं बोलवत नसे. गिऱ्हाइकाला औषध लागू पडणार नाही हेसुद्धा तोंडावर सांगत. आता खळीचं आणि फडक्याचं सांगणार असंच मला वाटलं. हे हौसाक्काशेजारी उभे राहिले, घसा खाकरला आणि विचारलं, "पाणी गार आहे का, आक्का?"

"गार हाय," ती म्हणाली. "आमचं पानी गारच."

मला ह्या माणसाबद्दल त्या वेळी जे वाटलं ते लग्नाच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

नव्या उंबरघळात मुलं नाव वाचत राहिली, पण लग्नं लागली की टेम्पो आमच्या दारात यायला लागले. हौसाक्काने सांगून ठेवलं होतं ना, गाव अजून ओलं आहे म्हणून. पुढच्या हंगामात पहिल्या लग्नाचा निरोप आला त्या सकाळी मी फुलपात्र शोधत होते, तर ते ह्यांच्या हातात. फडक्याची घडी पाण्यात बुडवून, पिळून, नकाशामागे सरकवत होते.

"अहो, कुजेल तो."

"कुजेल हळूहळू," हे म्हणाले. "घाईने नाही कुजायचा."

आता हौसाक्का नाही, हेही नाहीत. ब्रह्मदेश, रंगून, मुंबई इलाखा, सगळं एका संग्रहालयाने नेलं. मला भिंती दिसायला लागल्या आणि मुळीच आवडल्या नाहीत. न्यायला आलेला गृहस्थ भला होता. जिल्ह्याच्या नकाशासमोर उभा राहून हळहळला, "काकू, एवढा दुर्मिळ नकाशा, आणि ह्याला ओल कशी लागू दिलीत?" मी म्हटलं, "हा इथेच राहील."

काल सुवर्णाचा फोन आला. तिच्या मुलीचं लग्न आहे, अक्षता पडल्या की सगळे इकडेच येणार आहेत. मी म्हटलं, या, वाट बघते. तिने फोन ठेवला असं वाटलं, पण ठेवला नव्हता.

"काकी," ती म्हणाली, "तेवढं फडकं भिजवून ठेवा."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"त्या दिवशीच दिसलं होतं मला," ती म्हणाली. "खालच्या दांडीवरनं थेंब पडत होता. आज्जीला न्हाई सांगितलं. आईला मात्र मी निरोप दिला, आज्जीनं सांगितला तसाच."

मग तिने किती माणसं येतील, चहाला दूध पुरेल का, असं काहीबाही विचारलं आणि मी होईल ते सांगितलं. फोन ठेवला आणि ह्यांच्या कपाटातलं ते जुनं, मऊ फडकं शोधायला उठले.